‘लिमिनल’ : उंबरठ्यावरचा शब्द

समजा, एक बेने इस्राएल तरुण अबू धाबीजवळच्या मुसफ्फा येथे एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला आहे. शुक्रवारी दुपारी, आजीचे शब्बाथचे दिवे लागण्याआधी, तो ठाण्याला फोन करतो. आजी विचारते, “कसा आहेस रे बाळा? मन रमलं का तिकडे?” नातू म्हणतो, “काय सांगू आजी, सध्या मी एका लिमिनल स्पेसमध्ये आहे.” आजी क्षणभर गप्प राहते आणि काळजीने विचारते, “म्हणजे खोली बदललीस का?”

नातवाला इंग्रजी शब्द येतो. पण तो मराठीत सोडवून सांगता येत नाही. आजीकडे त्या अर्थाचे दहा मराठी शब्द आहेत. पण नातू त्यांतलाच एखादा मागतो आहे, हे तिला कळत नाही. हा धडा दोघांसाठी आहे. ‘लिमिनल’ म्हणजे काय, तो कुठे वापरावा, कुठे वापरू नये आणि मराठीत व यहुदी परंपरेत त्याची जागा कोणते शब्द आधीपासून सांभाळून आहेत, ते येथे पाहायचे आहे.

१. शब्दाची घडण

‘लिमिनल’ हे विशेषण लॅटिन भाषेतील ‘लिमेन’ या नामावरून आले. लिमेन म्हणजे उंबरठा. या घराण्यातले काही शब्द मराठी घरांत रोज बोलले जातात. त्यांचे कूळ तेवढे कोणी विचारत नाही.

प्रिलिम परीक्षा : ‘प्रिलिमिनरी’ म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडची. खरी परीक्षा आत आहे, ही दाराबाहेरची.

एलिमिनेट करणे : उंबरठ्याबाहेर घालवणे. स्पर्धेतून बाद झालेला गडी म्हणजे दाराबाहेर काढलेला गडी.

सबलिमिनल : जाणिवेच्या उंबरठ्याखालचे; मनावर परिणाम होतो, पण आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

‘लिमिट’ हा शब्द मात्र ‘लिमेस’ म्हणजे सीमा या लॅटिन शब्दाचा. दोघांतला फरक नीट ध्यानात घ्यावा. सीमा ही रेघ असते. रेघेवर कोणी उभे राहत नाही, माणूस अलीकडे असतो किंवा पलीकडे. उंबरठ्याला मात्र रुंदी असते. त्याच्यावर पाय ठेवता येतो, क्षणभर थांबता येते. ‘लिमिनल’ म्हणजे अशी रुंदी असलेले मधलेपण.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द मानसशास्त्रात आला. १९०९ साली आर्नल्ड व्हॅन गेनेप यांनी संस्कारविधींवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात असे दाखवले, की आयुष्यातील प्रत्येक मोठ्या बदलाच्या विधीला तीन पायऱ्या असतात : जुन्या स्थितीतून बाहेर पडणे, मध्ये राहणे आणि नव्या स्थितीत सामील होणे. मधली पायरी ती लिमिनल. १९६०च्या दशकात मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी या मधल्या पायरीचाच खोल अभ्यास केला. अलीकडे तरुण मंडळी रिकामे विमानतळ, बंद झालेला मॉल, रात्रीची ओस शाळा अशा छायाचित्रांना ‘लिमिनल स्पेस’ म्हणतात : येण्याजाण्यासाठी बांधलेली, पण आत्ता कोणीच जात नसलेली जागा.

२. मराठीच्या कोठारात

इंग्रजीने एक शब्द केला आणि तो सर्वांना लावला. मराठीने प्रत्येक मधल्या जागेला स्वतंत्र नाव दिले.

घराचे मधलेपण : उंबरठा, ओटी, पडवी. ओटीवर आलेला पाहुणा घरात आला आहे आणि नाहीही.

गावाचे मधलेपण : वेस आणि शीव. वेस हे गावाचे दार. शीव ही दोन गावांमधली हद्द.

किनाऱ्याचे मधलेपण : पुळण आणि खाजण. भरतीला पाण्याची, ओहोटीला माणसाची.

वेळेचे मधलेपण : झुंजुमुंजू, तिन्हीसांज, कातरवेळ, संधिप्रकाश.

वयाचे मधलेपण : वयःसंधी. मूल राहिलेले नाही, माणूस झालेला नाही.

शेवटच्या दोन ओळींत ‘संधी’ हा शब्द दोनदा आला. संधी म्हणजे सांधा, दोन गोष्टी जुळतात ती जागा. व्याकरणात दोन वर्ण जुळले की संधी. गुडघ्यात दोन हाडे जुळतात तेथे दुखू लागले की संधिवात. दोन राजांनी भांडण मिटवले की तह, म्हणजेही संधी. आणि याच शब्दाचा रोजचा अर्थ आहे, अनुकूल वेळ : “संधी आली आहे, सोडू नकोस.” मराठीने सांधा आणि अनुकूल वेळ या दोन्हींना एकच नाव दिले, हे विसरू नये.

३. उंबरठा कोणाच्या घराचा?

यहुदी घराची ओळख दाराच्या चौकटीपासून होते. आत जाताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या भागात मेझुझा असते. आतल्या चर्मपत्रावर शेमाचा उतारा लिहिलेला असतो. तोरातील आज्ञेप्रमाणे हे शब्द दाराच्या खांबांवर लावायचे असतात. जाणारा-येणारा प्रत्येक जण त्या जागी थबकतो आणि मेझुझेला हात लावून तो ओठांना लावतो.

तालमूदच्या ‘शब्बाथ’ या भागात उंबरठ्याविषयी एक मत नोंदलेले आहे. शब्बाथच्या दिवशी घरातून रस्त्यावर किंवा रस्त्यावरून घरात वस्तू नेऊ नये, असा नियम आहे. तेव्हा प्रश्न आला, की उंबरठा कशात मोजायचा, घरात की रस्त्यात? उत्तर असे : उंबरठा दोन्हींच्या कामी येतो. दार उघडे असेल तर तो आतला. दार लावलेले असेल तर तो बाहेरचा.

हे उत्तर सावकाश वाचावे. उंबरठा तोच, लाकूड तेच, त्यावर उभा असलेला माणूसही तोच. तो आतला की बाहेरचा हे त्याच्यावरून ठरत नाही, दारावरून ठरते.

बेने इस्राएल समाजाला दारांचे महत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. मुंबईतील समाजाचे पहिले सिनेगॉग, ज्याला जुनी माणसे ‘मशीद’च म्हणत, ते १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. त्याचे नाव शाआर हरहमीम, म्हणजे दयेचे द्वार. ठाण्याचे १८७९ सालचे सिनेगॉग शाआर हशामाईम, म्हणजे स्वर्गाचे द्वार. हिब्रू नावे फारशी प्रचारात नव्हती तेव्हा कोकणातले पूर्वज योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी घराची दारे लावून उपासात राहायचे. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे पुन्हा उघडायची, दानधर्म करायचा, भेटीगाठी घ्यायच्या. दार लावण्याचा एक दिवस आणि लगेच उघडण्याचा दुसरा, ही जोडी पूर्वजांनी तोडली नाही.

४. मधली वेळ

मराठीत तिन्हीसांज, हिब्रूत ‘बेन हश्माशोत’. शब्दशः अर्थ ‘सूर्यांच्या मधली’ वेळ : सूर्य मावळला आहे, पण चांदण्या अजून दिसल्या नाहीत. हा काळ दिवस की रात्र? तालमूदमधील आचार्यांनी यावर पुष्कळ चर्चा केली आणि त्याला ‘साफेक’ म्हणजे संशय असे नाव दिले. मात्र संशय आहे म्हणून तो काळ मोकळा सोडला नाही. शुक्रवारची तिन्हीसांज शब्बाथमध्ये धरतात आणि शनिवारची तिन्हीसांजही शब्बाथमध्येच धरतात. दिवे सूर्यास्तापूर्वी लावायचे आणि शब्बाथ संपवायचा तो तीन तारे दिसल्यावर, हाव्दाला करून. ‘हाव्दाला’ या शब्दाचा अर्थच वेगळे करणे असा आहे. कोकणात ज्यांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांचा घाणा याच हिशेबाने थांबत असे.

ही तिन्हीसांज रोज अरबी समुद्र ओलांडते. ठाण्यात सूर्य मावळल्यावर सुमारे सव्वा तासाने तो मुसफ्फात मावळतो. तेवढ्या वेळात आजीचा शब्बाथ सुरू झालेला असतो आणि नातवाचा शुक्रवार चालू असतो. म्हणून त्याला फोन दुपारीच करावा लागतो.

पिर्के आवोतच्या पाचव्या अध्यायात या वेळेचा मान सांगितला आहे. जगाच्या पहिल्या शब्बाथच्या उंबरठ्यावर, बेन हश्माशोतच्या वेळी, दहा गोष्टी निर्माण झाल्या. त्यांत नोहाचे इंद्रधनुष्य आहे, रानात मिळालेला मान्ना आहे, बिलामच्या गाढवीचे बोलणारे तोंड आहे, मोशेची काठी आहे आणि दहा आज्ञांच्या पाट्याही आहेत. ज्या गोष्टी सहा दिवसांच्या नेमात बसत नव्हत्या, त्यांना या मधल्या वेळेत जागा मिळाली.

५. मधली जमीन

आता मुसफ्फाकडे वळू. अबू धाबी शहराचा मोठा भाग बेटावर आहे. मुसफ्फा त्याच्या समोर मुख्य भूमीवर, समुद्र आणि वाळवंट यांच्या मध्ये. आज तेथे गॅरेजे, गोदामे, कारखाने आणि कामगारांच्या वसाहती आहेत. पण हा किनारा भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. तेथे ‘सबखा’ आहे. हा मूळ अरबी शब्द; इंग्रजीने तो जसाच्या तसा उचलला.

सबखा म्हणजे भरतीच्या पातळीच्या जरासे वर असलेले खारे मैदान. ते इतके सपाट असते की चढ डोळ्यांना दिसत नाही. समुद्राचे पाणी जमिनीखालून झिरपते, उन्हाने वर ओढले जाते आणि वाफ होऊन जाते. मागे मीठ आणि जिप्सम यांचा पापुद्रा उरतो. कोरड्या दिवसांत जमीन टणक वाटते, पण पाऊस पडला किंवा मोठ्या भरतीचे पाणी चढले की गाडीची चाके रुततात. मुसफ्फाजवळ खोदलेल्या कालव्याच्या काठावर या जमिनीचे थर उघडे पडले आहेत. तळाशी जुनी वाळवंटी वाळू. तिच्यावर समुद्राने आणलेले थर. त्यांच्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची काळसर साय. आणि वर जिप्सम व मिठाचे थर. वाळवंट समुद्र झाले आणि समुद्र मागे हटून पुन्हा जमीन झाली, त्याची ही नोंदवही. दोन्हींच्या मधला काळ या थरांनीच जपून ठेवला आहे.

कोकणाच्या माणसाला ही जमीन परकी वाटू नये. अलिबाग आणि पेण तालुक्यांतला खारेपाट हा तिचाच पावसाळी भाऊ. तेथे शेतकऱ्यांनी समुद्राला बांध घातले, पाणी सोडायला आणि अडवायला उघाड्या बसवल्या आणि खाजणात भात पिकवला. बांध फुटला की शेत पुन्हा समुद्राचे. तिवराचे झाडही दोन्हीकडे एकच. अबू धाबीच्या खाड्यांत ज्याला ‘कुर्म’ म्हणतात, तेच कोकणच्या खाडीतले तिवर : मुळे चिखलात, श्वास घेणारी बोटे चिखलाच्या वर आणि पानांतून मीठ बाहेर टाकण्याची युक्ती. त्याने जमिनीवर जावे की समुद्रात, असे त्याला कोणी विचारत नाही. मधली जागा हेच त्याचे गाव.

यहुदी धर्मशास्त्रातही अशा जागेला नाव आहे. शब्बाथच्या नियमांसाठी जागांचे प्रकार सांगितले आहेत : खासगी जागा, सार्वजनिक जागा आणि या दोन्हींत न बसणारी ‘कर्मेलीत’. समुद्र आणि मोकळे मैदान ही कर्मेलीतची उदाहरणे. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये या शब्दाची फोड करताना म्हटले आहे, की जे ओले नाही आणि सुकेही नाही, मधले आहे, ते. सबखाची याहून नेमकी व्याख्या मिळणे कठीण. आणि येथेही मधली जागा नियमाविना नाही. शब्बाथच्या दिवशी कर्मेलीतमध्ये चार हातांपलीकडे वस्तू नेऊ नये, असे आचार्यांनी घालून दिले आहे.

बेने इस्राएल समाजाची कथा तरी कोठे सुरू होते? परंपरा सांगते, की पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तेथेच मूठमाती दिली. म्हणजे समाजाचे पहिले पाऊल पडले ते पुळणीवर, पाणी आणि जमीन यांच्या मध्ये. तेथून ते गावोगावी गेले आणि गावांची नावे घेऊन पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर झाले.

६. मधली माणसे

व्हॅन गेनेप यांच्या तीन पायऱ्या समाजाच्या विधींत सहज सापडतात. लग्नाआधीच्या मेंदीच्या संध्याकाळी मुलगी माहेरची राहिलेली नसते आणि सासरची झालेली नसते. म्हणूनच त्या दिवशी सगळ्यांनी तिच्याभोवती बसायचे असते. दुःखाच्या प्रसंगीही तसेच. मृत्यू आणि दफन यांच्या मधल्या वेळात जवळच्या नातलगाला ‘ओनेन’ म्हणतात. त्याच्याकडून नेहमीच्या प्रार्थनांची अपेक्षा नसते; मृताची शेवटची व्यवस्था हेच त्याचे काम. दफनानंतर शिवाचे सात दिवस सुरू होतात आणि लोक त्याच्या दारी येतात. परंपरेने मधल्या माणसाला एकटे सोडलेले नाही, हे दोन्ही प्रसंगांत दिसते.

पण एक प्रसंग असा आला, की अख्खा समाजच उंबरठ्यावर उभा करण्यात आला. इस्राएलमध्ये जाऊन राहिलेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या विवाहांबाबत तेथील काही रब्बींनी शंका काढल्या. १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने असे विवाह मान्य केले. परंतु १९६२ मध्ये निघालेल्या सूचनांत वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे आले. ज्यांनी कोकणात शेमा आणि शब्बाथ सोडला नाही, त्यांनी वंशाचा पुरावा आणावा, हे समाजाला सहन झाले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये कुटुंबांनी धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने ठराव करून सांगितले, की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदीच आहेत. त्यानंतर सूचनांमधून समाजाचे नाव काढण्यात आले.

या घटनेतून या शब्दाचा सर्वांत मोठा धडा मिळतो. तिन्हीसांज ‘साफेक’ असू शकते. दिवस की रात्र हा संशय वेळेबद्दल आहे. माणसांबद्दल तसे बोलताना दहादा विचार करावा. १९६२ मध्ये बेने इस्राएल बदलले नव्हते, १९६४ मध्येही बदलले नाहीत. बदलले ते दार.

७. वापर

योग्य वापर : बदल चालू आहे, एक टोक सुटले आहे, दुसरे अजून हाती आलेले नाही, अशा जागेला, वेळेला किंवा अवस्थेला ‘लिमिनल’ म्हणावे.

“दहावी झाली, कॉलेज सुरू व्हायचे आहे, हे दोन महिने लिमिनल आहेत.” बरोबर. मराठीत : हे मधले दिवस आहेत.

“सबखा हा समुद्र आणि वाळवंट यांच्यातला लिमिनल प्रदेश आहे.” बरोबर. मराठीत : सांध्यावरचा प्रदेश.

“चहा की कॉफी, माझे लिमिनल आहे.” चूक. हा अनिर्णय, याला मराठीत ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणतात.

“पगार तीन महिने थकला आहे, आम्ही लिमिनल आहोत.” चूक. ही अडचण आहे, ती स्पष्ट शब्दांत सांगावी. फार तर ‘अधांतरी’ म्हणावे.

“तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, म्हणून लिमिनल.” अर्धे बरोबर, अर्धे अन्यायाचे. या म्हणण्यात दोन ‘नाही’ आहेत. उंबरठ्यावर दोन ‘आहे’ असतात : तो इकडचाही आहे आणि तिकडचाही.

मुसफ्फातील नातवाचे वाक्य या कसोटीला लावून पाहावे. त्याचा व्हिसा मुदतीचा, राहणे तात्पुरते, कामाची भाषा इंग्रजी, बाजाराची हिंदी, फोनवरची मराठी, प्रार्थनेची हिब्रू. लिमिनल हा शब्द त्याने चुकीचा वापरलेला नाही. फक्त आपण कोठेच नाही, असा अर्थ त्याने त्यात भरला असेल, तर तो शब्दाचा अर्थ नव्हे.

आजीला हे सगळे समजावून सांगितले तर ती काय म्हणेल? बहुधा इतकेच : “अस्सं होय! उंबरठ्यावर आहेस, असं सांग ना. मग हरकत नाही. इकडचं दार उघडंच आहे.” आणि तालमूदच्या त्या मताप्रमाणे, दार उघडे असेल तोवर उंबरठा घरातच मोजतात.

८. स्वाध्याय

(अ) फरक सांगा : लिमिट आणि लिमिनल, वेस आणि शीव, अधांतरी आणि उंबरठ्यावर.

(आ) ‘संधी’ हा शब्द चार वेगळ्या अर्थांनी वाक्यांत वापरा.

(इ) ‘उंबरठा ओलांडणे’, ‘उंबरठे झिजवणे’ आणि ‘वेशीवर टांगणे’ यांचे अर्थ लिहा. यांपैकी कशात मधलेपण आहे?

(ई) तिवर मधल्या जागेत कसे तग धरते? त्याच्या कोणत्या दोन सवयी माणसाने घेण्यासारख्या आहेत?

(उ) घरचे काम, तरुणांसाठी : घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मधल्या जागेचे किंवा मधल्या वेळेचे, या धड्यात न आलेले तीन मराठी शब्द लिहून आणा. कोकणातल्या गावाचा शब्द मिळाला तर गावाचे नावही लिहा.

(ऊ) घरचे काम, ज्येष्ठांसाठी : नातवंडाने फोनवर न कळणारा इंग्रजी शब्द वापरला, तर “असू दे” म्हणून सोडून देऊ नका. त्याला विचारा, “याला आपल्याकडे काय म्हणायचं रे?” आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका. मात्र शुक्रवार असेल, तर घड्याळाकडे लक्ष ठेवा.